दोन घड्याळं आणि एक डावा हात

सावकाशराव घड्याळ घेणार आहेत ही बातमी घड्याळाच्या कितीतरी आधी बिल्डिंगभर झाली. त्यात त्यांची चूक एवढीच, की जिन्यात भेटलेल्या खालच्या मजल्यावरच्या मॅनेजरांना त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही कुठलं वापरता?" मॅनेजरांना बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सल्ला द्यायचं खातं त्यांनी अजून कोणाच्या ताब्यात दिलं नव्हतं. सावकाशरावांच्या हातातली दुधाची पिशवी कोमट होईपर्यंत ते बोलले. मनगटाचा घेर आधी मोजा म्हणाले. काच कुठली आहे ते विचारा म्हणाले. आणि शेवटी, आपण स्वतः घड्याळ घालत नाही, भिंतीवरचं बघतो, असं सांगून घरात निघून गेले.

सावकाशरावांचं खरं नाव आता फक्त पगाराच्या स्लिपवर उरलं होतं. शाळेत दर वर्षी ते धावण्याच्या शर्यतीत शेवटचे येत. तेव्हा कोणीतरी 'सावकाश' म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, कानावरचे केस पिकले, म्हणून लोकांनी मागे 'राव' लावलं इतकंच. विमा कंपनीत ते नुकसानभरपाईचे अर्ज तपासत आणि तिथे हे नाव फारच शोभून दिसे. जळालेल्या दुकानाचे कागद त्यांच्या टेबलावर आले, की राख गार होऊन, त्याच जागी नवं दुकान उभं राहून, त्यालाही रंग द्यायची वेळ आली की मग ते पुढे सरकत. सावकाशरावांचं म्हणणं एवढंच असे, की घाईत केलेल्या कामाची जबाबदारी कोण घेणार?

अशा माणसाला स्पोर्ट्स घड्याळ कशाला हवं, हा प्रश्न बायकोने पहिल्याच दिवशी विचारला.

"तुम्ही कुठे पळणार आहात?"

"पळायचं नसतं त्यात. नुसतं घालायचं असतं."

"मग साधं घाला की."

खरं कारण असं होतं, की ऑफिसात नवे साहेब आले होते. ते वयाने बरेच लहान होते आणि बोलता बोलता बाही मागे सारत. आत एक जाडजूड, चमकदार, पाण्याखाली दोनशे मीटर टिकणारं घड्याळ होतं. साहेब पाण्याखाली कधी जात असतील असं वाटत नव्हतं, पण ते घड्याळ बघितल्यापासून सावकाशरावांना आपलं मनगट उघडंबोडकं वाटायला लागलं होतं. जुन्या घड्याळाने तर सेल बदलूनही मान टाकली होती.

पलीकडच्या टेबलावर एक जाणकार बसत. त्यांच्याकडे एकही घड्याळ नव्हतं, पण जगातल्या सगळ्या घड्याळांचे व्हिडिओ त्यांनी बघितले होते. त्यांनी सावकाशरावांना ऑटोमॅटिक म्हणजे काय ते समजावलं. चावी द्यायला नको, सेल नको. आत एक अर्धगोल पातं असतं, हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते. माणूस हलतोय तोवर घड्याळ चालतं. बरेच जेवणाचे डबे गार करून शेवटी दोन नावं उरली. एक निळ्या तबकडीचं, पोलादी पट्ट्याचं. दुसरं काळ्या तबकडीचं, नारिंगी सेकंदकाट्याचं, भोवती फिरणारं कडं असलेलं. दोन्ही मधल्या किमतीची, म्हणजे सहज घ्यावीत इतकी स्वस्त नव्हेत आणि विचार सोडून द्यावा इतकी महागही नव्हेत. माणसाची झोप उडते ती याच किमतीत.

"ते कडं कशासाठी असतं?" सावकाशरावांनी विचारलं.

"ते फिरवून खूण करायची. सुरुवात केल्यापासून किती वेळ गेला ते कळतं. पाणबुडे वापरतात."

"आपण कशासाठी वापरायचं?"

जाणकारांनी खूप विचार केला. "अंडी उकडायला," ते म्हणाले.

घड्याळांचं दुकान बाजारात कोपऱ्यावर होतं आणि घड्याळवाला सावकाशरावांच्याच वर्गातला. दोघांची मैत्री जुनी होती आणि खडतर प्रसंगातून झालेली होती. शर्यतीत शेवटचा नंबर या दोघांतच आलटून पालटून येई. आणि तो नुसता येत नसे, समारंभाने येई. कारण शाळेचे पी.टी.चे सर. दुसऱ्या कुठल्याही शाळेत पहिले तिघे आले की शिट्टी वाजते आणि लोक चहाकडे वळतात. सरांची रीत वेगळी होती. शेवटचा मुलगा रेषा ओलांडेपर्यंत ते स्टॉपवॉच बंद करत नसत. सगळी शाळा उन्हात ताटकळलेली, हेडमास्तर घाम पुसतायत, पाहुणे खुर्चीत चुळबुळतायत, आणि सर रेषेवर ताठ उभे. कोणी काही बोलायला गेलं तर मान न वळवता एवढंच म्हणत, "अजून एक जण यायचाय." तो एक जण धापा टाकत आला, की त्याचीही वेळ पहिल्या नंबराइतक्याच मोठ्या आवाजात वाचली जाई. धरणीने पोटात घ्यावं असं वाटायचं त्या वेळी. सावकाशरावांना तर जरा जास्तच, कारण सर त्यांचे वडील होते.

त्यामुळे सावकाशराव दुकानात खेटे घालून, दोन्ही घड्याळं कानाला लावून, उजेडात, अंधारात, उभ्याने, बसून बघूनही काही ठरवेनात, तेव्हा घड्याळवाल्याने कपाळाला हात लावला.

"सावकाश, तू दोन्ही घरी ने. पंधरवडाभर वापर. काचेवरचं प्लॅस्टिक तेवढं काढू नकोस. मग एक ठेव आणि एक आणून दे. दुसऱ्या कोणाला दिलं नसतं, पण सरांच्या घरी चाललंय."

'सरांच्या' म्हणताना तो काउंटरमागे नकळत ताठ उभा राहिला होता.

उधार आणलेल्या वस्तूचं काय काय होऊ शकतं हे सावकाशरावांइतकं कोणाला माहीत असणार? त्यांची सारी हयात आग, पूर, चोरी आणि छतावरून पडलेली कुंडी यांत गेली होती. त्यांनी आपल्याच कंपनीत पंधरवड्याचा विमा मागितला. खालच्या काउंटरवरच्या बाईंनी अर्ज वाचला आणि वस्तूचा मालक कोण, असं विचारलं. दुकानदार. मग अर्जदार कोण? मी. मग तुमचा संबंध काय? "मी ती तपासतोय," सावकाशराव म्हणाले. बाईंनी तपासणीचं पत्र आणायला सांगितलं. कुठून, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्याच खात्यातून. पण तिथे वेळ लागतो हं."

तेव्हा विम्याविना, दोन हातांत दोन घड्याळं घालून सावकाशराव ऑफिसला जाऊ लागले. दारावरच्या रखवालदाराने पहिल्या दिवशी बाजूला घेऊन सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली. बसमध्ये एका बाईने वेळ विचारली तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे दोन वेळा सांगितल्या. त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. आणि एके सकाळी जिन्यात नवे साहेब भेटले. त्यांनी दोन्ही मनगटांकडे बघितलं आणि फार गोड आवाजात म्हणाले, "दोन घड्याळं असूनही उशीरच?" सावकाशरावांनी तो अख्खा दिवस बाह्यांची बटणं लावून काढला.

संध्याकाळी त्यांनी ही हकिगत घरी सांगितली. बायको तोंडाला पदर लावून हसली. पण खिडकीजवळच्या खुर्चीतून अण्णा म्हणाले, "चूकच आहे ते."

सगळं गाव ज्यांना सर म्हणे, त्यांना घरात अण्णा म्हणत. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, डावा हात तेवढा मागे राहिला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हात अजून गेलेला नाही. रोज हलवलात तर येईल. हे काही महिने वाया घालवलेत तर मात्र आहे तेवढाही हातचा जाईल. त्यासाठी एक फिजिओबाई घरी येत. बाई मनाने फार चांगल्या, पण पहिल्याच दिवशी त्या लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाल्या, "हात वर करा बरं आजोबा, एक, दोन..." अण्णांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्या 'तीन' म्हणायच्या विसरल्या. ज्या माणसाने अख्ख्या गावाचे हात वर करवले, त्याला एक, दोन शिकवायला कोणी येतं हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. तेव्हापासून बाई येत, चहा घेत, विनवत आणि जात. हात मांडीवर पडून असे. घरात त्या हाताबद्दल कोणी बोलत नसे.

"काय चूक आहे, अण्णा?" सावकाशरावांनी विचारलं.

"उजवा हात जास्त चालतो, डावा कमी. एकाला उताराचं मैदान आणि एकाला चढाचं. ही काय शर्यत झाली? दोन्ही डाव्या हातात पाहिजेत."

"दोन डावे हात कुठून आणू?"

बायको म्हणाली, माझ्या मनगटाला ते धोंडे जमायचे नाहीत. अण्णांनी उजव्या हाताने आपला डावा हात उचलला आणि टेबलावर आणून ठेवला.

"हा घे," ते म्हणाले. "रिकामाच आहे."

सावकाशरावांनी निळं घड्याळ त्या मनगटावर चढवलं. मनगट बारीक झालं होतं, पट्टा सैल झाला. एके काळी याच हाताने आपल्याला उचलून मैदानावरच्या दोरीवर लटकवलं होतं, हे आठवून त्यांना भरून आलं. मग ते, पाणी प्यायला जातो, असं सांगून आत गेले आणि बराच वेळ पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी निळं घड्याळ बंद पडलं.

पडणारच होतं. हात हलला तर पातं फिरणार. अण्णा आंघोळीला गेले होते, घड्याळ टेबलावर होतं आणि त्याचा सेकंदकाटा गप्प उभा होता. सकाळी अण्णांनी स्वतःहून वेळ सांगितली होती. कित्येक महिन्यांनी दाढी स्वतः केली होती. खुर्ची उजेडाकडे ओढून घेतली होती आणि तबकडीकडे बघत "माझा भिडू दमदार आहे" असं म्हटलं होतं. आता बाहेर येऊन ते हे बघणार होते. सावकाशरावांनी इकडेतिकडे बघितलं, घड्याळ उचललं आणि मुठीत धरून गदागदा हलवलं. काटा चालू लागला. आपल्या घड्याळावरून त्यांनी वेळ लावून दिली आणि ते पेपर वाचायला बसले. पेपर उलटा होता.

मग हा रोजचाच कार्यक्रम झाला. अण्णा आंघोळीला गेले की सावकाशराव घड्याळ घेऊन गॅलरीत जात आणि हात गोल गोल फिरवत. पण त्यांना वाटत होतं तसे ते एकटे नव्हते. दुपारी अण्णा झोपले की बायको तेच घड्याळ स्वतःच्या हातात चढवून घर झाडून काढी, आणि उतरवताना स्वयंपाकघरातल्या घड्याळावरून वेळ लावी. ते घड्याळ, गाडी चुकू नये म्हणून, मुद्दाम पुढे ठेवलेलं होतं. बायको बाजारात गेली की शेजारच्या काकू अण्णांच्या सोबतीला येऊन बसत. त्यांनाही एकदा काटा थांबलेला दिसला, आणि तेव्हापासून त्या सोडवलेलं घड्याळ पाळण्यातल्या बाळासारखं हलवीत आणि आपल्या अंदाजाने काटे लावीत. प्रत्येकाला वाटे की हे आपलं गुपित आहे. त्यामुळे निळं घड्याळ सकाळी बरोबर, दुपारी पुढे आणि संध्याकाळी मागे असं चालू लागलं.

"चंचल आहे," अण्णा म्हणत. "पण दम आहे त्याच्यात. असा एक मुलगा होता माझ्याकडे."

घरात पुन्हा बोलणं चालणं सुरू झालं होतं. सावकाशराव ऑफिसातून घाईने घरी येऊ लागले. घाईने, हे शब्दशः खरं आहे. पण मनातून ते धास्तावले होते, कारण फिजिओबाईंनी घड्याळ बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ऑटोमॅटिक आहे ना हे? आणि चालतंय? म्हणजे आजोबा हात हलवतायत. माझ्यासमोर लाजत असतील. छानच झालं की. मी डॉक्टरांना सांगते. आता मला इतक्या वेळा यायला नको."

बाई खूश होऊन गेल्या. सावकाशराव दारात उभे राहिले. खोटे दावे शोधायचे म्हणून त्यांना पगार मिळत होता, आणि त्यांच्याच घरात असा खोटा दावा मंजूर होऊन पुढे गेला होता. आज सांगू, उद्या सांगू, असं करत त्यांनी ते आपल्या रीतीप्रमाणे पुढे ढकललं.

पण मॅनेजरांनी ढकलू दिलं नाही. मॅनेजर रोज सकाळी आपल्या गॅलरीत झाडांना पाणी घालत, आणि वरच्या गॅलरीत एक हात गोल गोल फिरताना त्यांना दिसे. त्यांनी बिल्डिंगमध्ये दोघातिघांना विश्वासात घेऊन सांगितलंही, की सावकाशरावांच्या डोक्यावर कामाचा ताण दिसतोय. एके दिवशी ते मान वर करून म्हणाले, "सावकाशराव, श्वास नाकाने घ्या."

सावकाशराव दचकले. पट्टा सैल होताच. निळं घड्याळ हातातून निसटलं, उन्हात एकदा चमकलं आणि खाली मॅनेजरांच्या नुकत्याच पाणी घातलेल्या कुंडीत जाऊन रुतलं.

सावकाशराव जिन्यातून उतरायला धावले, पण मॅनेजर उठाठेवीच्या बाबतीत फार चपळ होते. ते मागच्या जिन्याने वर आले होते. सावकाशराव धापा टाकत परत आले, तेव्हा अण्णा आंघोळ करून बाहेर आलेले होते आणि मॅनेजर त्यांच्या पुढ्यात चिखलाने भरलेलं घड्याळ धरून उभे होते.

"सर, तुमचं घड्याळ. चिरंजीव रोज फिरवतात ते आज सुटलं," मॅनेजर म्हणाले. "चालू आहे मात्र."

अण्णांनी घड्याळाकडे बघितलं. मग मुलाकडे. त्यांची ती नजर मैदानावरची होती, आणि त्या नजरेसमोर आजवर कोणी टिकलं नव्हतं.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"बंद पडत होतं, अण्णा," सावकाशराव म्हणाले. "म्हणून जरा..."

"मीपण," स्वयंपाकघराच्या दारातून बायको हळूच म्हणाली. "दुपारी."

काकू वाटीभर साखर मागायला आल्या होत्या. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि त्याही म्हणाल्या, "मी फार नाही हलवलं हो सर. थोडंच."

अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "म्हणजे ते माझ्या हातावर चालतच नव्हतं." मग त्यांनी खुर्ची खिडकीपासून भिंतीकडे वळवली आणि बसले. "स्पर्धा रद्द. परत देऊन टाक दोन्ही."

तो दिवस फार वाईट गेला. जेवण झालं नाही म्हटलं तरी चालेल. सावकाशरावांनी बायकोला फिजिओबाईंचं सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आपण त्यांना जिंकवायला गेलो आणि शर्यतीतूनच बाहेर काढलं." सावकाशरावांनी त्याच संध्याकाळी बाईंना फोन करून खरं काय ते सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक काम त्याच दिवशी केलं होतं, पण त्याचं कौतुक करायची कोणाची मनःस्थिती नव्हती.

सकाळी अण्णांनी हाक मारली.

"ते निळं परत दिलंस?"

"नाही अजून."

"वाटलंच मला. आण इकडे. लाव."

"अण्णा, ते थांबलंय."

"थांबू दे. ज्याचं त्याने उठायचं असतं. मैदानात पडलेल्या पोराला कोणी उचलून रेषेपलीकडे नेऊन ठेवलं तर त्याची वेळ मी कधी वाचली का?" ते थांबले. "कोणी हात लावायचा नाही. काकूंनापण सांग."

त्यांनी खडू मागितला. खडू नव्हता, तो काकूंकडे मिळाला. अण्णा काठी टेकत उठले आणि भिंतीवर, आपल्या खांद्याच्या उंचीवर, उजव्या हाताने एक आडवी रेषा ओढली. भिंतीला गेल्याच वर्षी रंग दिलेला होता. बायकोने तोंड उघडलं आणि परत मिटलं.

मग घरात असा आवाज घुमला, की खालच्या मजल्यावर मॅनेजरांच्या हातातली झारी थांबली.

"सावधान. डावा हात बाजूने वर. एक."

हात जागचा हलला नाही. बोटं तेवढी थरथरली. "पुन्हा," अण्णा स्वतःलाच म्हणाले, अगदी त्याच आवाजात, दयामाया न दाखवता. "एक."

फिजिओबाई आल्या तेव्हा त्यांनाही समजावून सांगण्यात आलं. "तुम्ही मोजायचं नाही. मोजतो मी. तुम्ही शेजारी उभ्या राहा आणि माझं चुकलं की सांगा." बाई उभ्या राहिल्या आणि अण्णांनी "पाठ सरळ" म्हटल्यावर त्यांनी ती सरळही केली. एकदा मॅनेजर वर सल्ला द्यायला म्हणून आले, त्यांनाही रांगेत घेतलं. ते घाम पुसत खाली गेले आणि नंतर बरेच दिवस फक्त जिन्यातूनच सल्ले देत राहिले.

हात किती हलतो हे घड्याळावरून कळत होतं. पहिल्यांदा ते थोडंसं चालून बंद पडे. मग अर्धी सकाळ टिके. मग दुपार. कोणी त्याला हात लावत नसे, पण जाता येता सगळ्यांची नजर तिकडे जाई. मुदत केव्हाच संपली होती. घड्याळवाल्याचे फोन येत होते आणि सावकाशराव त्याला मुदतवाढीमागून मुदतवाढ मागत होते. त्या कामात त्यांचा हात कोण धरणार?

शेवटी एका रविवारी सकाळी घड्याळवाला स्वतःच आला. आत येताना त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं.

"सर, नमस्कार. ते घड्याळाचं..."

"निकाल तयार आहे," अण्णा म्हणाले. ते भिंतीजवळ उभे होते. "काळं एकदाही थांबलं नाही, वेळ चोख. निळं रोज थांबलं. आजही मागे आहे. काळं पहिलं, निळं शेवटचं. पक्षपात नाही. हे निळं घेऊन जा तू."

त्यांनी पट्टा काढायला उजवा हात पुढे केला. आवाज खणखणीत होता, पण बोटं पट्ट्यावर जराशी रेंगाळली. ते सावकाशरावांनी बघितलं.

सावकाशराव आपल्या मनगटावरचं काळं घड्याळ काढायला लागले होते, कारण रात्रीच त्यांचं बायकोशी ठरलं होतं की परत जायचं ते हेच. साहेबांना त्यांचं मनगट लखलाभ असो. पण मग त्यांनी हात थांबवला आणि उलट नारिंगी काट्याभोवतीचं ते कडं धरून कट्‌ कट्‌ करत फिरवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा काहीतरी उपयोग होत होता.

"काळंच परत न्यायचंय तुला," ते घड्याळवाल्याला म्हणाले. "पण आत्ता मिळणार नाही. थोडा थांब."

"का रे?"

"अजून एक जण यायचाय."

घड्याळवाल्याने सावकाशरावांकडे बघितलं, मग भिंतीवरच्या रेषेकडे, मग सरांच्या डाव्या हाताकडे. शाळेच्या शर्यतीत उन्हात एकट्यानेच मागून धावत आलेला माणूस होता तो, त्याला जास्त सांगावं लागलं नाही. त्याने पाय जुळवले, दोन्ही हात बाजूला घेतले आणि तो ताठ उभा राहिला. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

अण्णा मुलाकडे बघत राहिले. डोळे भरले तशी त्यांनी मान भिंतीकडे वळवली, आणि काठी सोडून दिली.

"डावा हात," ते म्हणाले. आवाज या वेळी पहिल्याइतका चढला नाही. "बाजूने वर."

हात निघाला. मांडीपासून सुटला, कमरेपर्यंत आला, तिथे थांबून थरथरला आणि पुन्हा निघाला. निळ्या घड्याळातलं पातं घरंगळल्याचा बारीकसा आवाज सगळ्यांना ऐकू आला. कोपर छातीच्या उंचीला आलं. कपाळावर घाम आला होता. रेषा अजून वर होती. सावकाशरावांचे दोन्ही हात पुढे जायला शिवशिवत होते, पण ते त्यांनी मागे घट्ट धरून ठेवले.

"घड्याळ चालू आहे ना रे?" भिंतीकडेच बघत अण्णांनी विचारलं.

"चालू आहे, अण्णा," सावकाशराव म्हणाले. "तुम्ही या सावकाश."